चिंबूचं बीळ आणि रुसलेल्या आत्याबाई

लांब लांब समुद्रात एक बेट होतं. काळं कुळकुळीत. बेटावर एक डोंगर होता. डोंगराच्या डोक्याला भोक होतं. भोकातून धूर यायचा. फुस्स… फुस्स…

डोंगराच्या पायाशी राहायची चिंबू. चिंबू म्हणजे इवलीशी चिंबोरी. खेकड्याची पोर हो! आठ पाय, दोन नांग्या आणि चालणं नेहमी तिरकं. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी! सरळ कसं चालायचं, ते या बाईला ठाऊकच नाही.

एके दिवशी मोठ्ठी लाट आली. धपाक्! लाटेने वाळू नेली. वाळूतलं चिंबूचं बीळ नेलं.

"अगं बाई! माझं बीळ!"

आता आली का पंचाईत? चिंबूचं कवच झालं होतं घट्ट. झबलं घट्ट झालं की आपण काढतो ना? तसं चिंबूला कवच काढायचं होतं. पण कवच काढलं की अंग होतं मऊ मऊ. मऊ मऊ चिंबूला लपायला बीळ नको?

वर घिरट्या घालत होता टोचोबा पक्षी. "काढ ना कवच! काढ ना!" आगाऊ कुठला!

चिंबूने दगडावर नांगी आपटली. टक्! दगडाला काही होईना.

"मला नवी जमीन पाहिजे," चिंबू म्हणाली. आणि निघाली डोंगराकडे. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी!

"डोंगरदादा, डोंगरदादा, उतू जा ना! मला बीळ मिळेना!"

नव्या घरात आई दूध उतू जाऊ देते, बघितलंय ना? पातेल्यातून सुर्रकन बाहेर! तसाच हा डोंगर उतू जातो. पण दूध नाही हं. त्याच्या पोटातला लालेलाल रस. तो बाहेर येतो, गार होतो आणि त्याची होते नवी जमीन. अशा डोंगराला म्हणतात ज्वालामुखी.

डोंगर म्हणाला, "जाईन की! मला काय? पण आधी रस चढू दे. रस चढला, तर मी उतू जाईन. नाही तर नाही!"

चिंबू गेली डोंगरातल्या एका फटीपाशी. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी! आत नाही गेली हं, आत भाजतं! नुसतं तोंड घातलं आणि मारली हाक. खाली रस शिजत होता. रटरट, रटरट!

"रसभाऊ, रसभाऊ, वर चढ ना! डोंगर उतू जाईना, मला बीळ मिळेना!"

रस म्हणाला, "चढेन की! मला काय? पण मी आहे एवढुस्सा. आधी खडक वितळू दे. खडक वितळला, तर मी चढेन. नाही तर नाही!"

चिंबू गेली दुसऱ्या फटीपाशी. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी! खाली खडक घोरत होता. गरम गरम, तरी कडक कडक. घोर्र, घोर्र!

"खडककाका, खडककाका, वितळा ना! रस चढेना, डोंगर उतू जाईना, मला बीळ मिळेना!"

खडक म्हणाला, "वितळेन की! मला काय? तापून तर बसलोय केव्हाचा. पण आधी पाणी उतरू दे. पाणी उतरलं, तर मी वितळेन. नाही तर नाही!"

पाण्याने कधी दगड वितळतो का, म्हणाल. वितळतो हो! फार खोल, फार तापलेल्या खडकाला थोडं पाणी मिळालं की तो पटकन वितळतो. तऱ्हाच निराळी त्याची.

चिंबू गेली समुद्रात. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी!

"पाणीताई, पाणीताई, खाली उतर ना! खडक वितळेना, रस चढेना, डोंगर उतू जाईना, मला बीळ मिळेना!"

पाणी म्हणालं, "उतरेन की! मला काय? पण इतक्या खोल मी चालत जाऊ होय? मी जाणार तळोबाच्या अंगात मुरून. आधी तळोबा सरकू दे. तळोबा सरकला, तर मी उतरेन. नाही तर नाही!"

तळोबा म्हणजे कोण? समुद्राचा तळ! जाडजूड, लांबरुंद आणि आळशी. गोधडीखाली शिरावं तसा बेटाखाली शिरतो. पण किती हळू? आपली नखं वाढतात ना, तितका हळू!

चिंबू गेली खाली खाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी!

"तळोबा, तळोबा, सरका ना! पाणी उतरेना, खडक वितळेना, रस चढेना, डोंगर उतू जाईना, मला बीळ मिळेना!"

तळोबाने दिली जांभई. आऽऽऽ! "सरकेन की! मला काय? पण हवाईच्या आत्याबाई रुसल्यात. आधी आत्याबाई हो म्हणू देत. आत्याबाई हो म्हणाल्या, तर मी सरकेन. नाही तर नाही!"

"कोण आत्याबाई?"

"मौना लोआ आत्याबाई! जगातल्या सगळ्या जाग्या ज्वालामुखींत मोठ्या. घरात कार्य आणि आत्याबाई रुसलेल्या? छे छे! मी नखभरही हलणार नाही."

हवाई तर किती लांब! चिंबू परत किनाऱ्यावर आली आणि तिला रडूच आलं. कवच आणखी घट्ट झालं. टोचोबा आणखी खाली आला.

तेवढ्यात आले कासवमामा. म्हणाले, "रडतेस काय? बस पाठीवर!"

निघाली स्वारी. सुप्प सुप्प, सुप्प सुप्प! इंडोनेशिया आला. अबब! तिथे शंभराहून जास्त जागे ज्वालामुखी. फुस्स, फुस्स, फुस्स! पुढे जपानचे आले. पुढे प्रशांत महासागर आला. त्याच्या कडेकडेने ज्वालामुखीच ज्वालामुखी! जशी काही पंगतच बसली होती. आणि मधोमध, पाण्यात बसकण मारून, तोंड फिरवून बसल्या होत्या आत्याबाई.

केवढ्या त्या आत्याबाई! इकडून बघितल्या, संपेनात. तिकडून बघितल्या, संपेनात.

"आत्याबाई, आत्याबाई, हो म्हणा ना! तळोबा सरकेना, पाणी उतरेना, खडक वितळेना, रस चढेना, डोंगर उतू जाईना, मला बीळ मिळेना!"

"हूंऽऽ!" आत्याबाई म्हणाल्या. "लाटांनी मला सगळं सांगितलंय. याला म्हणालीस चढ, त्याला म्हणालीस सरक. नवं घर होणार, डोंगर उतू जाणार आणि आत्याला साधं बोलावणं नाही? म्हणेन की हो! मला काय? पण आधी आवतण दे. आवतण दिलंस, तर हो म्हणेन. नाही तर नाही!"

चिंबूने नांगी तोंडावर ठेवली. खरंच की! मागितलं सगळ्यांकडे. बोलावलं कोणालाच नाही!

"चुकले, आत्याबाई!" ती म्हणाली आणि निघाली पाया पडायला. पण पाय कुठे? पाय समुद्राच्या तळाशी! चिंबू गेली खाली. आणखी खाली. अजून खाली. तिथे पायांवर डोकं टेकवलं. टुक्! मग आली वर. आणखी वर. अजून वर. हुश्श!

"आत्याबाई, माझ्या बिळाच्या घरभरणीला यायचं हं. अगदी नक्की यायचं."

आत्याबाई हसल्या. गडगड, गडगड! सगळं बेट हललं. "अगं पोरी, मी कशी येऊ? माझं एवढं बूड उचलणार कोण? पण तू बोलावलंस ना, त्यातच मी आले. जा! आत्या हो म्हणाली म्हणून सांग."

कासवमामा परत फिरले. सुप्प सुप्प, सुप्प सुप्प! चिंबूने पाण्यात तोंड घालून हाक मारली, "तळोबा, आत्याबाई हो म्हणाल्या! आणि घरभरणीला यायचं हं! पाणीताई, तूही! खडककाका, रसभाऊ, डोंगरदादा, सगळ्यांनी यायचं!"

मग काय विचारता!

आत्याबाई हो म्हणाल्या, तळोबा सरकला. सर्र!

तळोबा सरकला, पाणी उतरलं. डुबुक!

पाणी उतरलं, खडक वितळला. पचपच!

खडक वितळला, रस चढला. बुडबुड बुडबुड! शेकडो बुडबुडे त्याला वर ढकलत होते. चल रे चल, चल रे चल!

रस चढला, डोंगर उतू गेला. गुडगुड… गुडगुड… धडाऽऽम!

"उतू गेलं! उतू गेलं!" लांब समुद्रात, कासवमामांच्या पाठीवर चिंबू नाचत होती. तिरकी तिरकी!

टोचोबाच्या शेपटीला लागला चटका. "आई गं!" म्हणाला आणि पळाला तो पळालाच.

लाल रस आला ओघळत. समुद्रात शिरला. चर्रर्रर्र! वाफच वाफ! गार झाला, काळा झाला. नवी जमीन तयार!

चिंबू थांबली. फू फू केलं. पाय टेकवून बघितला. उई! पुन्हा थांबली. खूप थांबली. मग गेली आणि नांगी आपटली. टक्!

"अगं बाई! ही तर दगडाचीच जमीन! मी बीळ खणू कसं?"

एवढं सगळं करून मेलं बीळ नाहीच? चिंबूचे डोळे भरून आले.

आणि मग तिला दिसलं. दगडात भोकं होती! रसातले बुडबुडे फुटले होते ना? पुक्, पुक्, पुक्! जिथे बुडबुडा, तिथे भोक.

हे भोक बघितलं. फार लहान. ते भोक बघितलं. फार मोठं. आणि हे? चिंबू तिरकी शिरली. पाय मावले. नांग्या मावल्या. बरोब्बर चिंबूएवढं! आणि काय छान ऊब होती आत!

आत बसून चिंबूने कवच काढलं. सुळ्ळकन! अंग मऊ मऊ झालं. आता कोण टोचतंय बघू!

दाराशी पाणीताई आली. डुबुक! डोंगरदादाने धूर सोडला. फुस्स! आणि लांब हवाईहून आवाज आला, गडगड गडगड! आत्याबाई पोचल्या हो घरभरणीला!

आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही फार फार पूर्वी असाच वाहत आला होता. डोंगरावर गेलात तर नीट बघा. त्यातही बुडबुड्यांची भोकं दिसतील.

आणि आपली गोष्ट? तुरुतुरु तिरकी गेली, आणि सरळ बिळात शिरली!