तुतींचा रस कुणी प्यायला?

फळं बोलायची आणि भांडी ऐकायची, त्या काळची गोष्ट. सगुणाआत्यानं पिकून मऊ झालेल्या तुती चुलीवरच्या कढईत घातल्या, साखर टाकली आणि डावानं ठेचल्या. लगेच रस सुटला. तिनं चमचाभर रस टोस्टवर घालून पाहिला, तर तो कडेनं ओघळला आणि टोस्टचा लगदा झाला.

"हा कसला जॅम! आता जमला नाही, तर सगळा कोंबड्यांपुढे ओतते," असं म्हणून तिनं कढई खाली उतरवली, वरून दोन चमचे सबजा भुरभुरला आणि ती अंगणात गेली.

सबजाचे बारीक काळे दाणे निमूट रस पिऊ लागले. बघता बघता टम्म फुगले.

"मेला चोर!" तुती ओरडल्या. "फांदीवर ऊन सोसून आम्ही हा रस साठवला, आणि हा आयता ढोसतोय!"

कढईही दरडावली, "बोल की रे!"

सबजा बोलणार कसा? त्याचं तोंड भरलेलं होतं.

इतक्यात आत्या भाचीला, रेवाला, घेऊन आली. तिनं गरम टोस्टवर जॅम पसरला. टोस्ट तिरपा केला, तरी थेंबसुद्धा सांडला नाही. रेवानं घास घेतला. दातांखाली दाणे फुटले आणि तुतींचा रस तोंडभर पसरला.

"आत्या, तुती काय गोड आहेत गं!"

सबजाचं नावही कुणी काढलं नाही. कढईतल्या तुती मात्र जरा सरकल्या आणि त्याला म्हणाल्या, "ये, ऐसपैस बस. अजून थोडा रस घे."