कावड कुणी धरली?

"दुसऱ्याच्या ताटातला घास मोजू नये, माई. आपल्याच पोटात दुखतं," असं भानपुरी महाराजांनी गयाबाईला एकदा बजावलं होतं. गयाबाई पदर सावरत हसली. "माझं पोट ठणठणीत आहे, महाराज!"

तेव्हा महाराजांचा मुक्काम वडदरीच्या महादेवाच्या देवळात होता. चैत्रात गोदावरीचं पाणी कावडीनं आणून देवाला घालायचं, अशी गावची रीत. वाटेत कावड जमिनीला टेकली की ते पाणी देवाला चालत नसे. त्या वर्षी कावड कुणी आणायची, याचा कौल महाराजांनी लावला. पिंडीवर बेलाचं पान ठेवून एकेक नाव घेतलं. गयाबाईच्या नवऱ्याचंही झालं. पान हलेना. शेवटी तान्ही लेक मांडीवर घेऊन मागे बसलेल्या सगुणेचं, म्हणजे गयाबाईच्या धाकट्या जावेचं नाव घेतलं, आणि पान अलगद उजवीकडे पडलं!

महाराज म्हणाले, "देवानं तुला बोलावलंय, मुली. पाणी पोचव."

गयाबाईच्या काळजावर निखारा पडला. सोमवार धरायचे तिनं, देऊळ झाडायचं तिनं, आणि मान या कालच्या पोरीला? जिला धड आरती पाठ नाही? सासूबाईंनाही हिच्याच हातची भाकरी गोड. आता देवही हिचाच!

"कावड म्हणजे कडेवरची घागर वाटली का गं?" घरी आल्यावर ती म्हणाली. "आणि पोर बरोबर ने. इथं कुणाला वेळ नाही." खांदा द्यायला निघालेल्या गड्यांनाही तिनं अडवलं, "बाईच्या कावडीला बाप्याचा हात लागला तर कौल उलटतो." सगुणेचा नवरा परगावी. ती लेक पाठीला बांधून एकटीच निघाली. ही कुठंतरी टेकवणारच, ते डोळ्यांनी पाहायचं म्हणून गयाबाई चोरपावलांनी मागोमाग गेली.

नदीवरून परतताना माळावर ऊन रणरणत होतं. पोर भुकेनं किंचाळू लागली. सगुणा चालत राहिली. मग पोर रडता रडता गप्प झाली. भाविकहो, रडणाऱ्या लेकराची आई घाबरत नाही, गप्प झालेल्याची घाबरते. सगुणा जागीच थबकली.

"देवा, कावड तुझी, लेकरूही तूच दिलेलं. कुणाला खाली ठेवू?" आणि भावाला सांगावं तशी ती कळवळून म्हणाली, "जरा धर रे बाबा!"

खांद्यावरचा भार उचलला गेला. मागे वळून न बघता ती खाली बसली आणि लेकीला पदराखाली घेतलं. बाभळीआडून गयाबाईनं पाहिलं. कावड अधांतरी! दोन्ही घागरी निश्चल. खाली माणूस नव्हता, पण जमिनीवर एक सावली पडली होती, जटा बांधलेली.

पोर पिऊन खुलल्यावर सगुणेनं कावड पुन्हा खांद्यावर घेतली आणि देवळात पोचली, तेव्हा तिथं माणसं जमली होती. "मध्ये एकदा पोरीला पाजायला बसले," सगुणेनं सरळ सांगून टाकलं. "कुणीतरी कावड धरली. तोंड नाही बघितलं."

"वा! माळावर धरायला कोण बसलंय?" कुणीतरी खिदळलं. "टेकवलीस म्हण की! ओता ते पाणी उकिरड्यावर."

गयाबाई गर्दीत उभी होती. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. इतक्या वर्षांची जळजळ एका क्षणात निवणार होती.

सगुणेची नजर तिच्यावर पडली. "आक्का, तुम्ही तरी सांगा यांना. तुमच्या गळ्याशपथ, नाही टेकवली मी."

माझ्या गळ्याची शपथ? आईची नाही, लेकीची नाही, माझी? गयाबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

"नाही टेकवली हो तिनं! मी पाहिलंय. तिची फजिती बघायला गेले होते मी मेली... आणि त्याला बघून आले!"

पाहिलेलं सगळं सांगून ती महाराजांच्या पायांवर कोसळली. महाराज म्हणाले, "ऊठ माई. देवानं आज दोघींना बोलावलं होतं. तिला आणायला, तुला पाहायला." मग गयाबाई सगुणेकडे वळली. तिच्या सोललेल्या खांद्याला हलकेच हात लावून तिनं धाकट्या जावेपुढे मस्तक टेकवलं. पिंडीवर गोदावरीची धार धरली तेव्हा दोघींचे हात घागरीला होते.

वाचणाऱ्या बाईनं आता पुस्तक मिटावं. तुमच्या शेजारी, नात्यात, कुणी नवी आई दार लोटून एकटी असेल. आजच तिच्याकडे जाऊन या. बाळाचं कौतुक नंतर करा. आधी तिला विचारा, "जेवलीस का गं?"