एका बागेची एकच करवत

“एका बागेला इतक्या करवती?” देवझरीचा राजा इंद्रकेतू अवजारांच्या खोपटात उभा राहून गरजला. “राज्याला राजा एक पुरतो, मग बागेला करवत एक का पुरू नये? सगळ्यांत चांगली असेल ती ठेवा. बाकीच्या उचला इथून!”

रखमाजी माळ्याने कपाळाला हात लावला. राजाचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. एकदा भर वैशाखात तो म्हणाला, “आज गारठा आहे!” तर अख्खा दरबार शाली पांघरून घाम पुसत बसला होता.

“महाराज,” रखमाजी चाचरत म्हणाला, “ही वाकडी करवत आंब्याच्या ओल्या फांद्यांची. हिचे दाते मोठे, त्यांत ओला भुसा अडकत नाही. ही बारीक दात्यांची वाळल्या लाकडाला. आणि ही लांब दांड्याची, करवंदीच्या जाळीत हात न घालता बुंधे कापायला. यातली चांगली कुठली म्हणून सांगू?”

“ते आम्हाला विचारतोस? माळी तू की आम्ही?” राजा म्हणाला. “आज तुझ्या करवती तुझ्यापाशी. उद्या दुपारी एक निवडून सांगायची. आणि त्याच एका करवतीने मोहोर यायच्या आत सगळी बाग साफ झाली पाहिजे. नाही झाली, तर बागही सोडायची आणि बागेतलं घरही!”

राजा गेला. रखमाजी लगेच कामाला लागला. वाकडी करवत त्याने फणसाच्या वाळक्या फांदीवर चालवली, तर ती नुसती उड्या मारू लागली. बारीक दात्यांची आंब्याच्या ओल्या फांदीत घातली, तर चार हात मारताच ती रुतून बसली. पुढे जाईना, मागे येईना! लांब दांड्याची घेऊन झाडावर चढला, तर दांडा फांद्यांत अडकला आणि रखमाजीचं मुंडासं खाली आलं.

त्याची मुलगी गोजरा खाली उभी होती. तिला हसू आवरेना.

“गोजरे, हसतेस काय? घर जायची वेळ आलीय!”

“तुम्हाला नाही हसत, आबा. महाराज फराळ करताना कसे दिसत असतील, ते डोळ्यांसमोर आलं.”

“आता या फराळाचं मध्येच काय?”

“उद्या कळेल. तुम्ही आधी खाली उतरा बघू!”

दुसऱ्या दिवशी गोजरा दरबारात उभी राहिली. “महाराज, करवत निवडायची ना? मग बागेत फराळाला यावं. निवड तिथेच होईल.”

दिवाणजी करवादले, “करवतीचा आणि फराळाचा काय संबंध?”

“दोन्हीला दात लागतात, दिवाणजी!”

राजाला गंमत वाटली. तो दिवाणजींना घेऊन आला. आंब्याच्या सावलीत पाट मांडला होता. केळीच्या पानावर एक टपोरा पेरू, मूठभर फुटाणे आणि उसाचं कांडं. राजाने पेरूला हात घातला.

“थांबा, महाराज! फराळालाही बागेचाच नियम. दात एकाच तऱ्हेचे वापरायचे. पुढचे, सुळे की दाढा? सगळ्यांत चांगले कुठले ते निवडा, बाकीच्यांना सुट्टी!”

“पोरी, जीभ आवर!” दिवाणजी ओरडले.

“असू दे, असू दे!” राजा मिशीला पीळ देत म्हणाला. “आम्ही माघार घेत नसतो. पुढचे! दिसायलाही तेच देखणे!”

पेरूचा लचका झकास तुटला. पण तो चावायचा कशाने? राजाने तसाच गिळला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग फुटाणे. राजा खारीसारखा ओठ पुढे काढून कुरतडू लागला. एक फुटाणा सटकला तो थेट दिवाणजींच्या पागोट्यावर! दिवाणजी घाईघाईने पाठ फिरवून आंब्याची साल न्याहाळू लागले. त्यांचे खांदे मात्र गदगदत होते.

“बदलतो! दाढा!” राजाने फर्मावलं.

फुटाणे फुटले कडाकडा. पण पेरू दाढेपर्यंत जाईना. राजाने जबडा इतका वासला, की कानांतले मोती हलले. शेवटी त्याने ऊस गालात आडवा खुपसला आणि दाढेत धरून ओढला. साल निघेना. ऊस जाई तिकडे राजाची मान जाई!

“ही काय थट्टा आहे?” राजाने ऊस फेकला.

“थट्टा कशी, महाराज? एका तोंडात इतक्या तऱ्हांचे दात कशाला, एवढंच विचारलं. चांगले तेवढे ठेवा. बाकीचे उपटायला वैद्यबुवांना बोलावू का?”

राजाने दचकून दोन्ही हातांनी गाल धरले. पण हट्ट सुटेना. “तू काहीही म्हण! दात कितीही असोत, तोंड एकच आहे ना?”

“आणि बागही एकच आहे, महाराज! दुसरी बाग कुठे मागतोय आम्ही? आम्ही नुसते तिचे दात परत मागतोय!”

राजाने एकदा फेकलेल्या उसाकडे पाहिलं, एकदा आंब्याकडे. मग त्याचं पोट हललं, मिशा हलल्या आणि तो असा खो खो हसत सुटला, की झाडावरचे पोपट उडाले. आता दिवाणजींनीही लाज सोडली.

“रखमाजी, तुझ्या सगळ्या करवती तुझ्या!” राजा डोळे पुसत म्हणाला. “आणखी लागतील त्या घडवून घे. आणि हा आंबा, ज्याच्या सावलीत आमची अशी फजिती झाली, तो आजपासून गोजराचा. फळंही तिची, छाटणीही तिच्याच मनाची! पण पोरी, एक अट. ऊस खाताना आम्ही कसे दिसत होतो, ते कुणाला सांगायचं नाही.”

“मी नाही सांगणार, महाराज,” गोजरा म्हणाली. “दिवाणजींचं मात्र तुम्ही बघा!”