कोल्ह्याचा पापड कारखाना

माणसं अजून पापड विकत आणत नव्हती, तेव्हाची गोष्ट. सिंहाच्या घरी लग्न निघालं आणि कोल्ह्याने पापडांचा कारखाना काढला. खार पिठाच्या लाट्या करायची, अस्वल त्या लाटायचं, माकडीण पापड वाळत घालायची.

लाट्यांचा ढीग अस्वलाच्या नाकापर्यंत आला. माकडीण रिकामी बसली. कोल्ह्याने खारीची पाठ थोपटली, माकडिणीला ऐतखाऊ म्हटलं आणि आणखी दोन खारी आणल्या.

"साहेब, लाटायला जोडीदार द्या हो!" ढिगाखालून अस्वल ओरडलं.

"लाट्या बघ किती झाल्यात! आणि तुझं आपलं रडगाणं!"

लग्नाच्या पंगतीत सिंहाच्या पानात कच्च्या लाट्याच आल्या. "पापड कुठायत?"

"महाराज, लाट्यांचा उच्चांक झालाय!" कोल्हा छाती फुगवून म्हणाला.

सिंहाला वरणभाताबरोबर काहीतरी कुरकुरीत लागायचंच. त्या दिवशी त्याने कोल्ह्यावर भागवलं.