न दिसणारे सरकणे

एकदा एक कारागीर आपल्या गुरूंकडे अनपेक्षित विनंती घेऊन गेला. "सर, यापुढे मी रविवारीही कामावर येत जाईन."

गुरू म्हणजे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यातले वृद्ध खासनीस सर. हा कारागीर, श्रीधर, चार वर्षे त्यांच्या हाताखाली शिकत होता. रविवार मात्र त्याने कधी कुणाला दिला नव्हता. घटस्फोटानंतर त्याची मुलगी सानिका आईबरोबर नाशिकला गेली. दर रविवारी सकाळी तो तिला फोन करी.

"मग सानिकाचा फोन?" सरांनी विचारले.

"तीन वर्षं झाली, सर. शाळा कशी आहे विचारलं की 'हं'. बरी आहेस ना विचारलं की 'हं'. लगेच फोन आईच्या हातात. इंचभरसुद्धा जवळ आली नाही ती. कुणासाठी करू?"

समोरच्या सूक्ष्मदर्शकाची काच सरकवणारी मोटर सरांनी सुरू केली. "बघ."

"काच जागेवरच आहे. मोटर बिघडली वाटतं."

"चल, चहा घेऊन येऊ."

परतल्यावर सरांनी त्याला भिंगातून पाहायला लावले. काचेवरची, आधी भिंगाखाली मधोमध असलेली रेघ आता दृष्टीआड गेली होती. मग सरांनी मोटरीची वीजच तोडली. "आता बोटानं हलकेच मागे ढकल."

काच हलली नाही. श्रीधर बुचकळ्यात पडला.

सर म्हणाले, "या मोटरीत चुंबक नाही, तारेची गुंडाळी नाही. चिनी मातीसारखा एक तुकडा आहे. विजेचा दाब मिळाला की तो केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फुगतो. तेवढ्यात काचेखालच्या पट्टीला धरतो, ढकलतो, सोडतो, पुन्हा धरतो. आज मी त्याला मुद्दाम मंद चालवलं. त्याला झेप घेता येत नाही. म्हणून तर संगणकाच्या चिप घडवणारे, केसभरही चूक न चालणारे कारखाने त्याच्यावर विसंबतात. आणि वीज गेली तरी त्याची पकड सुटत नाही. सरकलेलं अंतर तो परत देत नाही."

आवाज खाली आणून ते म्हणाले, "माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतीत मी कंटाळलो होतो, श्रीधर. फोन थांबवला. तो किती जवळ आला होता, हे आता मला कधीच कळायचं नाही."

रविवारी श्रीधर घरीच राहिला. दहा वाजता त्याने नंबर लावला.

"सानिका, बरी आहेस ना?"

"हं."

तो तिच्या आईच्या आवाजाची वाट पाहू लागला. तो आवाज आलाच नाही. पलीकडून पंख्याची घरघर आली, कुकरची शिट्टी झाली, मग कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज. सानिका फोन कानाशी धरून चित्र काढत होती. ज्या घरात त्याला जागा नव्हती, त्या घराचे आवाज तो प्रथमच ऐकत होता.

काय काढतेस, हे त्याच्या ओठांवर आले होते. पण डोळे मिटून तो नुसता ऐकत राहिला.