अंतोबा पंतोजीची मांडी

सावरघोळाला अजून रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती आणि तिच्यावर माणसांच्या पावलांपेक्षा सांबरांच्या खुरांचे ठसे जास्त असायचे, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, आणि मधे बोलू नका. शंका आलीच तर शेवटी विचारा, तोवर तुम्हीच ती विसराल.

तर त्या काळी गावात अंतोबा नावाचा पंतोजी होता. देवळाच्या ओवरीत पोरांना अक्षरं शिकवायचा. कागद कुठला मिळायला? फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यात बोटानं लिहायचं, हात फिरवला की पाटी कोरी. आता नुसती बाराखडी घोकायला पोरं तयार होईनात, म्हणून अंतोबा जनावरांच्या गोष्टी रचायला लागला. रोज नवी गोष्ट. सकाळी धुळीत लिहायची आणि संध्याकाळी पुसायची. पोरं ती तोंडात धरून घरी न्यायची आणि आयांना सांगायची. असं म्हणतात की सावरघोळात तेव्हा चुलीवरची भाकरी करपली, तर ती अंतोबाच्या गोष्टीपायी करपली असंच समजायचे.

त्याची एक रीत होती. गोष्ट सुरू करण्याआधी तो विचारायचा, "हा प्राणी आपला कोण लागतो?" नातं ठरल्याशिवाय गोष्ट नाही. मग पोरं ओरडून ओरडून नातं ठरवायची. घोरपड म्हणजे आत्या, कारण एकदा येऊन चिकटली की जायचं नाव नाही. साळिंदर म्हणजे जावई, जरा काही झालं की काटे उभे. कासव आजोबा. आणि अस्वल? काळं कुळकुळीत, अंगभर केस, पोट सुटलेलं आणि मधाचं वेड. अस्वल झाला मामा.

आणि गंमत अशी, की जनावरांच्या गोष्टी सांगणारा हा माणूस जनावरांना जाम भ्यायचा. कोंबडा अंगावर आला तरी धोतर सावरत ओट्यावर चढायचा. गावची वेस ओलांडून रानात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. लोक हसायचे, तोही हसायचा.

आता भागाईचं ऐका. भागाई लांबून लग्न होऊन आलेली. तिचं माहेर पटकीच्या साथीत धुऊन गेलं होतं. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, लांबचा चुलतसुद्धा नाही. सणासुदीला बाकीच्या बायका माहेरच्या वाटेकडे बघायच्या, ही चुलीकडे बघायची. तिला ठकी नावाची मुलगी होती, आणि ठकीच्या पाठीवर मुलगा झाला. मुलगा वर्षाचा झाला, जावळ काढायची वेळ आली. आणि जावळ काढायचं तर मूल मामाच्या मांडीवर बसवायला लागतं. न्हावी वस्तरा घेऊन दारात आला आणि त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "मामा कुटं हाय?"

भागाईच्या आधी शेजारणीच बोलल्या. "बिनमामाचं पोर, त्याचं जावाळ कोनाच्या मांडीवर काढनार?" न्हावी परत गेला. त्या दिवशी भागाईनं पोराला उराशी धरलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. फार वाईट वाटलं तिला. वाटणारच.

ठकी हे सगळं कोपऱ्यातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर तांदूळ घेतले, त्यांना कुंकू लावलं, परकराच्या ओच्यात बांधले आणि मैत्रिणींना सांगितलं, "मामाला आवतान द्यायला चाललेय." आणि ती गेली डोंगराकडे.

दुपारी गावात कळलं तेव्हा एकच आकांत झाला. जिवाजी पाटलानं कुऱ्हाडी, कोयते, ढोल गोळा केले. आधी तो ओवरीत गेला आणि अंतोबाला म्हणाला, "पंतोजी, तुमच्या गोष्टीनं पोरगी रानात गेली. तिला काय झालं, तर या गावात तुमचं त्वांड दिसाया नगं." अंतोबा पांढराफटक पडला. पण पाटलाचे लोक ढोल बांधत होते, तेवढ्यात तो एकटाच निघाला. हातात काठीसुद्धा नव्हती. ज्या वेशीला तो सगळा जन्म भ्याला, ती त्यानं ओलांडली, आणि वाटेत त्याचे दात एवढे वाजत होते की रानातली पाखरं उडाली, असं म्हणतात.

ठकी सापडली ती वारुळापाशी. एका धोंड्यावर शहाण्यासारखी बसली होती. आणि तिच्यापासून चार हातांच्या अंतरावर अस्वल वारूळ उकरून वाळवी खात होतं.

"ठके," अंतोबानं कसंबसं विचारलं, "काय करतेस?"

"हळू बोला, पंतोजी. मामा जेवतोय. जेवत्याला मधीच आवतान देऊ न्हाई."

तेवढ्यात अस्वलानं मान वर केली. मागच्या पायांवर उभं राहिलं. अंतोबा होता तिथंच खाली बसला. पण बसता बसता त्यानं ठकीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्याभोवती दोन्ही हात घातले. पळायला तर येत नव्हतं. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. गोष्ट सांगायला लागला.

"एक होता मामा," तो म्हणाला. "बहिणीला मध घेऊन निघायचा. पण वाटेत एक बोट चाटायचा, मग दुसरं, आणि वेशीशी येईतो पोळं रिकामं व्हायचं. मग रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात कसं जायचं? लाजून तो वेशीवरून मागं फिरायचा. पण बहीण काय म्हणायची, ठाऊक आहे? ती म्हणायची, मध नको रे, तू ये."

आता तुम्ही म्हणाल, अस्वलाला काय मराठी कळतंय? नसेल कळत. पण ते खाली बसलं आणि गोष्ट संपेपर्यंत हललं नाही, असं म्हणतात. मग अंतोबा उठला, ठकीला कडेवर घेतलं आणि चालायला लागला. अस्वल मागोमाग आलं, पार वेशीपर्यंत.

वेशीवर माणसं कुऱ्हाडी उगारून उभी होती. पाटील ओरडला, "पोरगीला घ्या आन् हाना त्याला!" आणि भागाई धावली. लोकांना वाटलं पोरीकडे धावली. ती पोरीच्या पुढं गेली आणि कुऱ्हाडींच्या आणि अस्वलाच्या मधे उभी राहिली.

"खबरदार! भाऊ वेशीपोतर आला आन् त्याला मारता व्हय?"

"आगं, त्यो अस्वल हाय!"

"आसंल. माजी लेक सोडाया आलाय. माज्या म्हायारचं दुसरं कोन आलंय आजपतुर?"

कुऱ्हाडी खाली आल्या. ठकीनं ओचा सोडून अक्षता अस्वलापुढं टाकल्या. अस्वलानं त्या हुंगल्या, भागाईकडे एकदा बघितलं आणि ते रानात निघून गेलं.

अंतोबानं मात्र आपलं गाठोडं बांधायला घेतलं. "खोट्या गोष्टी सांगितल्या मी," तो भागाईला म्हणाला. "पोर जिवाला मुकली असती. पाटील म्हणतात तेच बरोबर."

"खोट्या कशानं?" भागाई म्हणाली. "मामा आला की." आणि तिनं पोराला त्याच्या मांडीवर ठेवलं. "तुमी जिवावर उदार हून गेलात. भाऊ आनि काय निराळा आसतो?" पाटलानं स्वतः न्हाव्याला हाक मारली. वेशीजवळच्या चपट्या दगडावर अंतोबा बसला, पोराचं जावळ निघालं, आणि पोरापेक्षा मामाच जास्त रडला, असं म्हणतात.

अंतोबा त्याच गावात म्हातारा झाला आणि गेला. तो दगड आहे. त्याला अंतोबाची मांडी म्हणतात. सावरघोळात जावळ तिथंच निघतं, मामा असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही.

परवाच एक बाई आली होती, लांबच्या मुलखातली, खडी फोडायच्या कामावर. पोराला घेऊन बाजूला उभी राहून दुसऱ्यांची जावळं बघत होती. "आमचं हितं कुनी न्हाई," म्हणाली. गावातल्या एका म्हातारीनं तिच्या कडेवरचं मूल उचललं आणि दगडावर बसवलं. न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "मामा कोन?"

आणि बाईनं तोंड उघडायच्या आत सगळी वेस म्हणाली, "अंतोबा!"