दोन यार्ड कमी

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी यशवंतअण्णा चौगुले राहायचे. माणूस साधा, पण क्रिकेटचं नाव काढलं की वेडा. तरुणपणी ते ऑफस्पिन टाकत. साठी उलटली तरी दारात आलेल्या दूधवाल्यालासुद्धा हातात लिंबू घेऊन चेंडू कसा वळतो ते समजावत. गल्लीतली पोरं रस्त्यावर खेळायची. टेम्पो आला की स्टंप उचलायचे, गेला की पुन्हा लावायचे. ते बघून अण्णांचा जीव तुटायचा.

अण्णांच्या घरामागे लांबलचक परस होतं. तिथं पूर्वी शेवग्याचं झाड होतं. पण मागच्या आळीतल्या शिदूतात्या सनगरांनी, पाला आमच्या पत्र्यावर पडतो म्हणून नगरपालिकेत अर्ज केला आणि झाड तोडायला लावलं. तेव्हापासून सहा वर्षं दोघांत अबोला होता. त्या मोकळ्या जागेत काँक्रीट करून वर टर्फ, म्हणजे ती नकली हिरवळ, अंथरायची आणि पोरांना खेळायला पट्टा करून द्यायचा, असं अण्णांनी ठरवलं. ठरवलं तर ठरवलं, वर गावभर सांगत सुटले, "पुरता बावीस यार्ड. एक इंच कमी नाही." पोरं तर हवेतच चालायला लागली.

काम दस्तगीर मिस्त्रींकडे दिलं. त्यांनी दोरी लावून बघितली. बावीस यार्ड अगदी काठोकाठ बसत होते. मग जमिनीची पातळी बघायला त्यांनी पाणसळ लावली आणि घोडं तिथंच अडलं.

"अण्णा, आजवर इथं माती होती, ती पाणी प्यायची. काँक्रीट पिणार नाही. ढाळ कुणीकडं देऊ?"

"सगळे देतात तसा दे."

"सगळे मागच्या भिंतीला खाली चार भोकं पाडतात आणि पाणी पलीकडं सोडतात. घराकडं ढाळ दिला तर पाणी तुमच्या माजघरात."

"मग सोड पलीकडं," अण्णा म्हणाले.

पलीकडं म्हणजे शिदूतात्यांकडे. शेवगा तोडायला लावलात ना, आता घ्या, असं अण्णांच्या मनात आलं. आणि खोटं कशाला बोला, त्यांना जरा बरंही वाटलं.

भोकं नक्की कुठं निघतील ते बघायला अण्णा स्टुलावर चढले. भिंतीपलीकडे पत्र्याची शेड होती. तिथं तात्या घोंगडी विणत. त्यांचा माग जुन्या पद्धतीचा, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. खड्डा भिंतीपासून चार पावलांवर, शेडला उंबरा नाही, आणि जमिनीचा उतार थेट तिकडंच. एका मोठ्या पावसात खड्डा भरला असता, मागाची लाकडं फुगून वाकडी झाली असती. सत्तरी गाठलेल्या तात्यांनी त्यानंतर दुसरा माग काही उभा केला नसता. ते मान खाली घालून विणत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

अण्णा गुपचूप खाली उतरले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही.

"मिस्त्री, दुसरा काही उपाय?"

"आहे. भिंतीलगत आपल्याच हद्दीत शोषखड्डा खणायचा आणि दगडगोटे भरून उघडा ठेवायचा. पाणी तिथंच मुरेल. पण सहा फूट जागा जाईल. पट्टा वीस यार्डांचा होईल."

"आणि भोकं पाडली तर?"

"तर बावीस. तुम्हाला कोण विचारतंय? लोक म्हणतील, पावसाचं पाणी, कुणाच्या हातात असतं." मिस्त्रींनी चहा संपवला. "पाणी कुठंतरी जाणारच, अण्णा. कुणाकडं, ते मालकानं सांगायचं."

बावीस यार्डांचं अण्णांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं, आणि आता गावात तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. ते परसात दोन फेऱ्या मारून आले.

"खण शोषखड्डा," ते म्हणाले.

खड्डा झाला, काँक्रीट झालं, वर हिरवंगार टर्फ अंथरलं. आणि व्हायचं तेच झालं. कट्ट्यावरचे लोक विचारायला लागले, "काय अण्णा, धुतल्यावर आटला काय पट्टा?" अण्णा हसून वेळ मारून नेत. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तात्यांच्या कानावर गेलं असतं, आणि शिदूतात्यांवर आपण उपकार केला हे गावाला कळणं अण्णांना फारसं रुचणारं नव्हतं. पोरं दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी चेंडू हातात आला आणि ती सगळं विसरली.

श्रावणात सलग तीन दिवस धो धो पाऊस पडला. सगळं पाणी शोषखड्ड्यात मुरलं. चौथ्या दिवशी उघडीप झाली, तशी पोरं पट्ट्यावर आली. अण्णा गल्लीतल्या गौराला चेंडूवर बोटं कशी ठेवायची ते दाखवत होते. तिच्या पाठच्या भावानं उंच फटका मारला आणि चेंडू तात्यांच्या पत्र्यावर धाडकन आदळला.

पाचव्या मिनिटाला तात्या स्वतः दारात. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"यशवंता, पत्रा फोडतोस काय रे माझा?" असं म्हणत ते थेट परसात आले. तिथं पट्टा बघून थांबले. जन्मभर नजरेनं घोंगडी मापलेला माणूस. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली.

"हे बावीस नाही. वीस आहे."

"जागा कमी पडली, तात्या."

"जागा?" तात्यांनी शोषखड्ड्यातल्या दगडांना पायानं ढोसलं. "सहा फूट जागा अशी दगडं भरून फुकट घालवलीस, आणि म्हणे कमी पडली. एवढा हौशी तू, कुणाला विचारून तरी करायचंस."

पोरं अण्णांकडे बघायला लागली. अण्णांच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण त्यांची नजर तात्यांच्या सदऱ्यावर गेली. त्यावर लोकरीची बारीक कुसं चिकटली होती. म्हातारा मागावरनं उठून आला होता तर. तीन दिवस पाऊस पडूनही माग चालू होता.

"चुकलंच जरा," अण्णा म्हणाले. "बसा तात्या, चहा टाकायला सांगतो."

तात्या बसले. चहात साखर कमी आहे म्हणाले आणि दोन कप प्यायले.

तात्पर्य: जे नुकसान आपण होऊ दिलं नाही, ते ज्याचं व्हायचं टळलं त्याला कधी दिसत नाही. म्हणून त्याच्या आभारांची वाट बघू नये. तो सुखात आहे एवढं दिसलं की आपलं काम झालं समजावं.